दोन भावांना दोन पुस्तकं

४ फेब्रुवारी

तिसरं पुस्तकही अर्धवट टाकलं. एकाही राजात जीव रमत नाही! पहिल्यातला सेनापती उठता-बसता भाषण ठोकतो. बायकोकडे पाणी मागतानासुद्धा! दुसऱ्यातली राजकन्या पानागणिक मूर्च्छित पडते. तिसरं खरं तर बरं असावं, पण मीच धड बसत नव्हते. उठले, खिडकी लावली, बसले, पुन्हा उठून खिडकी उघडली.

कारण समोरच आहे. हे घरी आहेत. पंपहाउसची नोकरी संपली आणि तेव्हापासून या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या. सकाळी बेसिनचा नळ पूर्ण सोडून, मान तिरकी करून आवाज ऐकत उभे होते. "दाब कमी आहे आज." आहे तर आहे! गावाला पाणी सोडायचं काम आता दुसऱ्या कुणाचं तरी आहे, हे यांच्या पायांना अजून कळलेलं नाही.

म्हटलं, काहीतरी वाचा.

"काय वाचू?"

जो तो मलाच विचारतो.

५ फेब्रुवारी

दुकानात आज मजा. चष्मा घालून बघायला आमच्याकडे पूर्वी एक छापील कार्ड होतं: वर ठळक अक्षरं, खाली बारीक, आणि मजकूर म्हणजे चष्म्याची काळजी कशी घ्यावी! ते मी कधीच ड्रॉवरमध्ये टाकलं. काउंटरवर ऐतिहासिक कादंबरी ठेवते. माणूस नंबर बरोबर आहे का बघायला पान उघडतो आणि वेढ्यात सापडतो. बँकेतल्या बाई आज चष्मा घालून पाच पानं वाचत राहिल्या. "पुढे काय होतं हो? राणी दरवाजा उघडते का?" म्हटलं, ते सांगायचं नसतं. वाचनालयात आहे, घेऊन जा.

मालक कुरकुरले, "तुम्ही चष्मे विकता की कादंबऱ्या?" पण जवळचे चष्मे जास्त खपायला लागलेत. म्हणून आवाज खालच्या पट्टीत.

यांच्यासाठी वेढ्याचीच जाडजूड कादंबरी आणली. हातात घेऊन आधी वजन केलं. "एवढं कोण वाचणार?" म्हटलं, दहा पानं वाचा. नाही आवडलं तर नळ ऐका.

९ फेब्रुवारी

हे जेवायला उठेनात!

१२ फेब्रुवारी

मोठे भाऊजी दुकानात आले होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तोवर वाचायला काही दे म्हणाले. तेही निवृत्त झाल्यापासून दोन स्टॉप पलीकडे राहायला आलेत, आणि त्यांच्याही घरात तीच गत. फक्त ते फिरत नाहीत, एका जागी बसून हातावर हात चोळतात. आयुष्य पुलांच्या कामावर गेलं, लांब लांब, एका नदीवरून दुसऱ्या नदीवर. आता नदीच नाही.

कादंबरी पुढे केली तर हात मागे. "खोटं कशाला वाचायचं? झालं ते सांगणारं दे."

माझा एक साधा नियम आहे. ज्याला "पुढे काय झालं" हवं, त्याला कादंबरी. ज्याला "खरंच असं झालं का" हवं, त्याला इतिहास, पण रंगवून सांगितलेला, तळटीपांनी पाय न अडकवणारा. नियम नेहमी चालतोच असं नाही. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना एका सम्राटाचं सुंदर चरित्र दिलं तर परत करताना म्हणाल्या, "याची आई वारल्यावर मी पुढे गेलेच नाही."

भाऊजींना त्याच वेढ्यावरचं इतिहासाचं पुस्तक दिलं. पातळसर आहे, अक्षर मोठं. घरी येताना स्वतःवरच खूश! दोघे भाऊ एकाच वेढ्याबद्दल वाचतील, भेटतील, बोलतील. एरवी बोलायला यांच्याकडे आहे काय? हवा, गुडघे आणि बसचे मार्ग.

१४ फेब्रुवारी

हे मला गोष्ट सांगतात! मीच दिलेली! "ऐक ना. म्हातारा राजा आजारी, गडाला वेढा पडलेला. थोरला राजपुत्र काय करतो, चार स्वार घेऊन मागच्या दरवाजानं निघून जातो. मदत आणतो म्हणून. आणि धाकटा राहतो. एकटा! बापाला औषध, सैन्याला धीर…" हात हलवत होते. चहा सांडला. पुसलाही त्यांनीच.

बरं वाटलं. आणि का कोण जाणे, बसवेना. मधेच उठून कपडे वाळत घातले.

१९ फेब्रुवारी

काय करून बसले मी!

दुपारी भाऊजी आणि जाऊबाई जेवायला. मीच बोलावलेलं. भाजी वाढत होते तोवर विषय निघालाच.

"काय पळपुटा निघाला तो थोरला!" हे.

"पळपुटा? कुणी सांगितलं तुला?"

"अरे, बाप आत खोकून खोकून मरतोय आणि हा मागच्या दारानं पसार!"

"पसार नाही. राजानं स्वतः धाडलं त्याला. मी इतिहास वाचलाय. तू गोष्ट वाचलीस."

"बरं, धाडलं. आणली मदत?"

"नदीला पूर होता. उतार मिळेना. महिनाभर पलीकडे अडकून —"

"नदी! कारण सांगायला नदी बरी असते. यायचंच असतं तर आला असता. फितूर तो फितूरच!"

भाऊजींनी घास खाली ठेवला. आवाज एकदम बारीक झाला. "तू कुणाबद्दल बोलतोयस?"

"थोरल्याबद्दल."

"कुठल्या?"

 यांनी खाली बघून पानातली भाजी या कडेची त्या कडेला केली. भाऊजी उठले, हात धुतले, जाऊबाईंना म्हणाले, "चल." जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातात डाव घेऊन तशीच. दार लागलं तेव्हाही डाव हातात.

२० फेब्रुवारी

दुकानात दोनदा चुकीची काच काढली. मालक काही बोलले नाहीत, म्हणजे तोंड बघण्यासारखं झालं असणार.

कळायला हवं होतं मला. एवढी पुस्तकं वाचते, लोकांना वाचायला सांगते, आणि आपल्याच घरातल्या दोन माणसांच्या हातात काय देतेय ते दिसू नये?

बाबा, म्हणजे माझे सासरे, याच घरात गेले. आतल्या खोलीत, बरेच महिने अंथरुणाला खिळून. भाऊजी तेव्हा लांब एका मोठ्या पुलावर होते. आले ते सगळं आटोपल्यावर. त्याला आता अकरा वर्षं झाली. भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. हे फक्त भाऊजींना "बस" म्हणताना खुर्ची पुढे करीनासे झाले. नातेवाइकांत सगळे म्हणतात, धाकट्यानं बापाचं केलं, थोरला पूल बांधत बसला. हे ऐकून घेतात. "नाही" म्हणत नाहीत.

आणि मी त्यांना अकरा वर्षांनी शब्द शोधून दिला. फितूर! छापील, पुठ्ठ्याच्या बांधणीत.

२४ फेब्रुवारी

फोन नाही. इकडून नाही, तिकडून नाही.

हे पुन्हा नळ ऐकायला लागलेत.

२७ फेब्रुवारी

कादंबरी संपवली यांनी. शेवटी धाकटा राजा होतो, थोरला वेशीवरून परत फिरतो. कुणी त्याला आत घेत नाही. विचारलं, कशी वाटली? म्हणाले, "बरोबर आहे शेवट." मग थोड्या वेळानं, आपणहून, "पण परत फिरताना काय वाटलं असेल त्याला, ते लिहिलं नाही."

 जीभ चावून बसले. भाजीवाला आला तेव्हा बोलले, तर त्याच्याशीच कडाडून!

२ मार्च

जाऊबाई दुकानात. चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणे. दांडी चांगली घट्ट होती. मी तरी स्क्रू काढून पुन्हा बसवला, मालक बघत होते म्हणून.

"काय करतायत?" मी.

"काय करणार? भिंतीकडे बघतात. ते पुस्तक दोनदा वाचलं. आता तिसऱ्यांदा सुरू केलंय, एका डोळ्यानं."

"ताई, चूक माझी आहे."

"तुझी कशानं? पुस्तकं तू दिलीस, जिभा त्यांच्या त्यांनी आणल्या." मग काउंटरवर वाकून हळूच, "तुला एक सांगते. बाबांनीच ह्यांना फोनवर बजावलं होतं. पूल अर्धा टाकून आलास तर दार उघडणार नाही. दोन वाक्यं बोलून ठेवला फोन. ह्यांना वाटलं, एवढा आवाज आहे म्हणजे प्रकृती बरी असणार."

मला माहीत नव्हतं! घरात असून!

"मग सांगितलं का नाही कधी?"

"गेलेल्या माणसावर कसं ढकलायचं, म्हणतात."

स्क्रू घरंगळून काउंटरखाली गेला. दोघी वाकून शोधत होतो. तिथेच खाली बसल्या बसल्या ठरलं: पुस्तकांची अदलाबदल. धाकट्याला थोरल्याचं, थोरल्याला धाकट्याचं. सांगून नाही वाचणार, मग न सांगता.

जाऊबाई म्हणाल्या, "ऑपरेशननंतर मीच वाचून दाखवणार आहे. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यालाही ताण नको म्हणून तो मिटून ऐकायचं. मी कुठलं उघडलंय ते कुठे दिसतंय त्यांना!"

स्क्रू सापडला. मालकांनी विचारलं, एवढा वेळ? म्हटलं, बारीक काम आहे.

७ मार्च

यांना दुकानात घेऊन गेले. नंबर बदललाय हे खरंच आहे, कादंबरी हात लांब करून वाचत होते. तपासणी झाली, चाचणीची काच घातली, आणि मी काउंटरवरची कादंबरी उचलून तिथे भाऊजींनी वाचलेल्या इतिहासाची दुसरी प्रत ठेवली. वाचनालयातून आणलेली. मुद्दाम नदीच्या पुराचं प्रकरण उघडून.

"वाचा. स्पष्ट दिसतंय का?"

वाचायला लागले. ओठ हलत होते. एक पान उलटलं. मग दुसरं. गिऱ्हाइकं आली, गेली. एका आजोबांना आरसा हवा होता तर यांना धक्का देऊन बाजूला सरकवावं लागलं. ते सरकले, पुस्तकासकट, चाचणीचा तो जड लोखंडी चष्मा नाकावर तसाच.

मालक माझ्या कानाशी, "साहेबांना चष्मा पसंत आहे, की पुस्तक?"

यांनीच उत्तर दिलं, मान वर न करता. "चष्मा ठीक आहे. हे घरी नेलं तर चालेल?"

१० मार्च

भाऊजींचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. जाऊबाईंनी कळवलं. यांना सांगितलं तर, "बरं." एवढंच. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. "दुखलं का त्याला?"

"तुम्हीच विचारा."

गेले आत.

१३ मार्च

जाऊबाईंचा फोन. त्या कादंबरी वाचून दाखवतायत आणि भाऊजींना संशय आलाय. "हे त्या इतिहासवाल्यानं लिहिलंय? यात लोक फार रडतात." जाऊबाईंनी दडपून सांगितलं, सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे. लढाया मात्र त्या गाळतात, घसा दुखतो म्हणे. काल भाऊजी म्हणाले, "अगं, मघाशी तर सगळे झोपले होते, एवढी माणसं मेली कधी?"

हसून हसून पुरेवाट! फोन ठेवल्यावर मात्र पुन्हा तेच, एका जागी बसवेना. कपाट आवरायला काढलं. सगळी पुस्तकं खाली, मग सगळी वर. आधी होती तशीच.

१६ मार्च

हे रात्रीच्या जेवणाला बसले आणि मधेच उठले. काय झालं विचारलं. म्हणाले, "नदीचा पूर खरा होता." जणू कालच्या वर्तमानपत्रात वाचलं!

१८ मार्च

जाऊबाई पुन्हा. आज आवाज वेगळा होता. धाकटा राजपुत्र पहाटे बापाची कूस बदलतो, तो भाग वाचला. भाऊजींनी हात वर केला. थांब. पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "एवढं सगळं असतं होय गं? कूस बदलायला कोण असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही."

पट्टीखाली पाणी येऊ देऊ नका, डॉक्टरांनी बजावलंय. जाऊबाई घाबरल्या. पुस्तक मिटून ठेवलं आणि त्यांना दूध दिलं.

मी फोन ठेवला आणि उगाच आतल्या खोलीत जाऊन आले. तिथे आता इस्त्रीचं टेबल असतं.

२२ मार्च

आज घडलं! सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या खरं वाटायचं नाही.

सकाळी हे नवा चष्मा लावून तयार. "दादाचे थेंब संपले असतील." थेंब संपलेले नव्हते, तरी आम्ही वाटेत बाटली घेतली. जाऊबाईंनी दार उघडलं आणि काहीही आश्चर्य न दाखवता आत गेल्या. शाबास!

भाऊजी काळा चष्मा लावून खुर्चीत. हे समोर बसले. हवा झाली. गुडघे झाले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, चहाचं नुसतं नाटक, कान बाहेर.

मग भाऊजी म्हणाले, "थोरला चुकला."

"कोण?"

"गडावरचा. जायला नको होतं त्यानं."

"छे! काय चुकला? राजानं धाडलं त्याला!"

"धाडलं म्हणून जायचं? बापाचं असं ऐकायचं असतं? धाकट्यानं एकट्यानं निभावलं रे सगळं."

"आणि नदी? दादा, नदीला पूर होता!"

"पोहून यायचं."

"पोहून? वेडबिड लागलं का तुला? त्या पुरात हत्ती वाहून गेले!"

"यायचंच असतं तर आला असता."

"नसता आला! मी सांगतो ना! फितूर म्हणणाऱ्यांची अक्कल काढायला पाहिजे!"

आवाज चढले. शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. जाऊबाई आधी तोंडावर हात दाबून हसत होत्या, मग तोच हात डोळ्यांवर गेला. चहा उतू गेला. कुणी पुसला नाही.

 मग भाऊजींचा आवाज, हळू, "मला बाबांचा फोन आला होता. काम टाकून येऊ नकोस म्हणाले. मी ऐकलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू रागावलास."

 शेवटी यांचा आवाज, अगदी पंपहाउसवर फोन उचलायचे तसा, कामाचा. "थेंबांची वेळ झाली का?"

आम्ही दारात आलो. यांनी भाऊजींची मान मागे केली, चष्मा काढला, बाटली धरली.  पहिला थेंब गालावर. दुसरा कानाकडे.

"डोळ्यात टाक. गालाला काही झालेलं नाही माझ्या."

हसले! दोघंही!

२३ मार्च

सगळं नीट झालं. सकाळपासून तीन फोन झाले दोघांचे. तिसरा फोन चक्क एकमेकांना काय वाचायचं ते सुचवायला! माझा सल्ला न घेता! आता मला स्वस्थ वाटायला हवं.

नाही वाटत. दुकानात काउंटर पुसला, पुन्हा पुसला. मालक म्हणाले, "काच झिजेल." बँकेतल्या बाई कादंबरी संपवून आल्या होत्या. राणी दरवाजा उघडते तो भाग त्यांना मला सांगायचा होता. मला! मी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे चमकत होते. "आता दुसरं सांगा." आणि मला काही सुचेना. पहिल्यांदाच. म्हटलं, उद्या या.

३० मार्च

भाऊजी आणि जाऊबाई आज आमच्याकडे जेवायला. जेवणं झाली, भाऊजी मागे टेकले आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "बाबा शेवटी काय म्हणाले रे?"

हे काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. "मला माहीत नाही, दादा. मी पंपावर होतो. सकाळची पाळी होती." मग माझ्याकडे बघून, "ही होती."

दोघे भाऊ माझ्याकडे बघायला लागले. अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

क्षणभर वाटलं, सांगून टाकावं, तुम्हा दोघांची नावं घेतली. कादंबरीत घेतलीच असती. पण जे झालं तेच सांगितलं. मी चादर बदलत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "तू जेवलीस का?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते.